दमा असलेल्या मुलाला मैदानावर कसं पाठवायचं?

कसबा बावड्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. २ वर्षांपूर्वी बालदम्याचं निदान झालं. रोज सकाळ-संध्याकाळ पंप (श्वासावाटे औषध घ्यायचा इनहेलर) चालू आहे. फुटबॉलचं वेड आहे, पण पळालं की ढास लागते, छातीत घरघर होते. म्हणून आजी अंगणातसुद्धा पळू देत नाहीत, आणि शाळेत खेळाच्या तासाला तो सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या राखत बसतो. शेजारच्या काकांनी सांगितलंय, प्राणायाम सुरू करा, तीन महिन्यांत पंप सुटतो. तर त्यानं खेळावं का? कुठला प्राणायाम करावा? पंप बंद होईल का? आणि पुढच्या महिन्यात शाळेची पन्हाळ्याला सहल आहे, पाठवावं का?

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. कोल्हापुरात दम्याच्या मुलांबरोबर काम करायला लागून मला २२ वर्षं झाली. बाटल्या राखत बसणारी अशी मुलं मी खूप पाहिलीत, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. त्यानं खेळावं. फुटबॉलच खेळावं. श्वासाचे व्यायामही करावेत, पण पंप चालू ठेवून. आणि पळाल्यावर रोज घरघर होत असेल तर दमा अजून ताब्यात आलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर खेळ बंद करणं हा इलाज नव्हे. उपचार नीट बसवायचे असतात. मूल मित्रांच्या बरोबरीनं खेळतंय आणि रात्री न खोकता झोपतंय, तेव्हाच मी दमा ताब्यात आहे असं म्हणते.

पळाल्यावर आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. शांत बसलेलं मूल नाकानं श्वास घेतं. नाक ती हवा गाळतं, कोमट करतं, तिला ओलावा देतं. पळायला लागलं की एवढी हवा नाकातून पुरत नाही, तोंड उघडतं आणि कोरडी, गार हवा थेट श्वासनळ्यांत शिरते. नळ्यांच्या आतल्या अस्तराचा ओलावा उडून जातो. दमा नसलेल्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. दम्याच्या मुलाचं अस्तर मात्र आधीच सुजलेलं, चिडकं असतं. ते कोरडं पडलं की नळीभोवतीचे स्नायू आवळतात. हवा आत कशीबशी जाते, पण बाहेर पडताना अडते. ती अरुंद वाटेतून निघताना जी शीळ वाजते, तीच तुम्हाला ऐकू येणारी घरघर.

हे आवळणं बहुतेक वेळा पळताना जाणवतच नाही. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी ते सगळ्यात जास्त असतं, आणि साधारण अर्ध्या ते एका तासात उतरतं. आई-वडील नेमके इथं फसतात. माझ्याकडे ११ वर्षांचा एक मुलगा आला होता. डॉक्टरांच्या सल्ल्यानं, पंप हाताशी ठेवून, आम्ही त्याला सहा मिनिटं पळवलं. थांबला तेव्हा हसत होता. आई म्हणाली, "बघा, काहीसुद्धा झालं नाही." मी म्हटलं, बसा जरा. चौथ्या मिनिटाला त्यानं नुसता घसा खाकरला. सहाव्या मिनिटाला त्याची बडबड थांबली. मग दोन्ही हात मांड्यांवर टेकवून तो पुढं वाकला, आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जाऊ लागला. पळण्याआधी पीक फ्लो मीटरवर (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगानं बाहेर पडते ते मोजणारं यंत्र) २४० आले होते, आता १८० आले. स्पेसरनं (पंपाला लावायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) पंप दिला, दहा मिनिटांत काटा २३५ वर आला. आई गप्पच झाली. म्हणाली, "घरी हा खेळून आला की असाच सोफ्यावर गप्प बसतो. मला वाटायचं, दमला असेल."

हा प्रयोग घरी मुद्दाम करू नका. पण नेहमीच्या खेळानंतर घड्याळ लावून नुसतं बघत बसा. साधा दम लागलेलं मूल लाल होतं, घाम येतो, तुटक बोलतं, पण तीन-चार मिनिटांत भानावर येतं आणि परत पळायला निघतं. दम्याचा दम थांबल्यावर वाढतो. खोकला कोरडा असतो आणि थांबत नाही. काही मुलं "पोटात दुखतंय" किंवा "छातीत घट्ट वाटतंय" एवढंच सांगतात. हे तीन-चार वेळा वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा. त्या चार ओळींवरून त्यांना औषध ठरवायला फार मदत होते.

आजींची काळजी मला कळते. त्यांनी नातवाला रात्री उशाला टेकून बसलेलं पाहिलंय. पण बसून राहिलेल्या मुलाचं काय होतं, तेही बघा. पायांची, हृदयाची ताकद कमी होते, वजन वाढतं, आणि मग जिना चढतानाच धाप लागते. घरच्यांना वाटतं दमा वाढला, म्हणून आणखी बसवतात. दम्यापेक्षा बसवून ठेवल्यानं दमलेली मुलंच माझ्याकडे जास्त येतात. व्यायामानं दमा मुळातून जात नाही, हे खरं. पण अंगात ताकद आलेलं मूल त्याच अंतराला कमी श्वासांत पळतं, म्हणजे नळ्या कमी कोरड्या पडतात, म्हणजे त्रास उशिरा सुरू होतो. आणि मित्रांत मिसळलेल्या मुलाची भीती कमी होते. दम्यात भीतीचा वाटाही कमी नसतो.

तुमच्या मुलाला हे सांगा: फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमला लहानपणापासून दमा आहे. तो पंप वापरत मँचेस्टर युनायटेडकडून आणि इंग्लंडकडून खेळला. त्याच्याच संघातल्या पॉल स्कोल्सलाही दमा. ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफला १४ व्या वर्षी दम्याचं निदान झालं, आणि २००३ मध्ये तिनं लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पळून महिलांचा जागतिक विक्रम केला. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या संघांसाठी घसा फोडणाऱ्या गावातलं पोर आहे ते. बेकहॅमचं नाव त्याला माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा लवकर पटेल.

आता तयारी. मैदानावर पाठवण्याआधी गेल्या चार आठवड्यांबद्दल स्वतःला चार गोष्टी विचारा. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का? एकदा तरी रात्री खोकल्यानं किंवा घरघरीनं जाग आली का? तातडीचा पंप (रोजचा नव्हे, त्रास झाल्यावर नळ्या लगेच मोकळ्या करणारा) आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे खेळ किंवा शाळा सोडावी लागली का? चारही उत्तरं "नाही" आली, तर दमा ताब्यात आहे. तुमच्या मुलाचं चौथं उत्तर आजच "हो" आहे. म्हणजे पहिलं काम डॉक्टरांना परत भेटण्याचं.

भेटायला जाताना पंप आणि स्पेसर घेऊन जा आणि त्यांच्यासमोर तो घेऊन दाखवायला सांगा. औषध योग्य असतं, पण ते जिभेवर आणि घशात बसतं, हे मी जवळजवळ रोज पाहते. पंप हलवायचा, स्पेसरला लावायचा, एकच फवारा मारायचा आणि तोंडात स्पेसर नीट धरून शांतपणे पाच-सहा श्वास घ्यायचे. दुसरा फवारा अर्ध्या-एक मिनिटानं, पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारले तर औषध स्पेसरच्या आतल्या भिंतीला चिकटून वाया जातं. रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं, म्हणून नंतर चूळ भरून थुंकायची. स्पेसर आठवड्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुचकळून वाऱ्यावर वाळवा, फडक्यानं पुसू नका. पुसल्यानं प्लॅस्टिकवर स्थिर विद्युत तयार होते आणि औषध चिकटून बसतं. रोजचा पंप कुठला आणि तातडीचा कुठला, हे रंगावरून ठरवू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. पंपावर ठळक अक्षरांत "रोज" आणि "तातडी" अशी चिठ्ठी चिकटवा, आजींनाही वाचता येईल अशी.

"सवय लागते" आणि "उंची खुंटते" या दोन भीती प्रत्येक घरात असतात. सवय लागत नाही. यातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट नळीत जाते. उंचीवर थोडा परिणाम होऊ शकतो, साधारण एक सेंटिमीटरचा, आणि तो वर्षागणिक वाढत जात नाही. ताब्यात नसलेला दमाही उंची खुंटवतो, आणि झोप, शाळा, खेळ घेऊन जातो तो वेगळाच. तीन महिने दमा नीट ताब्यात राहिला तर डॉक्टर स्वतःहून मात्रा कमी करायचा विचार करतात. तो निर्णय त्यांचा.

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर खेळण्याआधी १०-१५ मिनिटं तातडीचा पंप घेता येतो. पण हा पंप रोज घ्यावाच लागतोय, असं झालं तर रोजचं औषध पुरत नाही, असं समजा.

माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक पडतो तो अंग गरम करण्यानं. आपल्याकडे मुलं गेटातून आत आली की चेंडूच्या मागं सुटतात. दम्याच्या मुलानं असं करू नये. आधी तीन मिनिटं चालायचं, तोंड मिटून, नाकानं श्वास घेत. मग तीन मिनिटं हळू पळायचं, शेजारच्याशी बोलता येईल इतपत. मग छोट्या झेपा: २०-३० सेकंद जोरात पळायचं आणि जवळजवळ मिनिटभर चालायचं, असं सहा-सात वेळा. एकूण पंधरा मिनिटं. थोडे थोडे आवेग दिले की पुढचे एक-दोन तास नळ्या सहसा तितक्या आवळत नाहीत. हा गुण साधारण अर्ध्या मुलांना येतो, सगळ्यांना नाही, पण करून बघायला काही लागत नाही. खेळ संपल्यावरही एकदम बसू नये. पाच-दहा मिनिटं चालत चालत थंड व्हावं. संघातल्या सगळ्यांनी मिळून हे केलं तर आपलं मूल वेगळं पडत नाही. प्रशिक्षकांना तसं सांगा. तशीही ही तयारी सगळ्यांच्याच गुडघ्यांच्या आणि स्नायूंच्या हिताची आहे. शाळेत लेझीम असेल तर फारच छान. संथ ठेक्यापासून चढत्या ठेक्याकडे जाणारी लेझीम म्हणजे तयार वॉर्मअप.

सुरुवातीला आठवडाभर वीस मिनिटं खेळू द्या, मग वाढवा. गोलकीपर किंवा बचावफळीत सुरुवात केली तर सलग पळणं कमी पडतं. पण कायम तिथंच डांबू नका. विंगवर खेळायचं असेल त्याला, तर दोन महिन्यांनी तिथंही खेळू द्या.

बाकी खेळांबद्दल थोडं. क्रिकेट, खो-खो, कबड्डी यांत पळणं तुकड्यातुकड्यांत असतं, ते सोसतं. कबड्डी मला मुद्दाम आवडते, कारण चढाईत एका दमात "कबड्डी कबड्डी" म्हणायचं म्हणजे श्वास हळूहळू सोडायचा सराव. पोहणं उत्तम. पाण्यालगतची हवा दमट असते, नळ्या कोरड्या पडत नाहीत. कोक्रेन या संस्थेनं मुलांच्या पोहण्यावरचे अभ्यास २०१३ मध्ये एकत्र तपासले. पोहणं दम्याच्या मुलांना सोसतं आणि ताकद व फुफ्फुसांची क्षमता वाढते, असं दिसलं. बंदिस्त टाकीत क्लोरिनचा वास डोळ्यांना झोंबत असेल तर मात्र ती टाकी टाळा. बीजिंग ऑलिंपिकला २००८ मध्ये पोहलेला वीरधवल खाडे आपल्या कोल्हापूरचाच, हेही पोराला सांगा. तालमीला पाठवायचं असेल तर आखाड्याची माती ओलसर आहे का ते बघा. तेल, ताक घालून मळलेली माती उडत नाही. कोरडी, उडती माती असेल तर काही मुलांना ती बाधते. त्यांना मॅटवर खेळू द्या.

आता प्राणायाम. मी स्वतः श्वासाचे व्यायाम शिकवते, त्यावर माझं घर चालतं, म्हणून हे मीच स्पष्ट सांगायला हवं. श्वासाच्या व्यायामानं नळीची सूज उतरत नाही. सूज उतरवतं ते रोजचं औषध. व्यायामानं श्वास घ्यायची पद्धत सुधारते, घाबरून भराभरा तोंडानं श्वास घेणं थांबतं, मानेचे आणि खांद्यांचे आखडलेले स्नायू सैल होतात. मोठ्या माणसांमध्ये याचा फायदा दिसलेला आहे. मुलांवरचे अभ्यास कोक्रेननंच २०१६ मध्ये तपासले, तेव्हा पक्कं काही म्हणावं इतका पुरावा मिळाला नाही. तरी मी शिकवते, कारण धाप लागलेल्या मुलाला स्वतःला सावरायची एक युक्ती हाताशी असते, आणि ती त्याला उपयोगी पडताना मी पाहते.

एक चूक मी स्वतः केली आहे. धंद्यात नवी होते. आठ वर्षांच्या एका मुलीला तीन महिने व्यायाम शिकवले. ती छान सुधारली, घरचे खूश, मीही खूश. पंप चालू आहे ना, हे मी एकदाही विचारलं नाही. "एवढा फरक पडलाय तर औषध कशाला" म्हणून घरच्यांनी तो दीड महिन्यापूर्वीच बंद केला होता. थंडी सुरू होताना सर्दीचं निमित्त झालं आणि एका रात्री तिला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. ती वाचली, आज कॉलेजात आहे. पण तिची आई मला फोनवर "तुम्हीच म्हणाला होता ना, ती सुधारतेय" असं म्हणाली, ते वाक्य मी विसरलेली नाही. तेव्हापासून प्रत्येक भेटीत माझा पहिला प्रश्न पंपाचा असतो. तीन महिन्यांत पंप सोडवतो असं जो म्हणेल, त्याच्याकडे मूल पाठवू नका, मग तो कितीही चांगला माणूस असो.

व्यायाम शिकवायचे कसे? मुलाला कधीही "मोठा श्वास घे" म्हणू नका. म्हणून बघा, काय करतं ते: खांदे कानापर्यंत वर जातात, पोट आत जातं, मान ताठ होते. हा सगळ्यात वाईट श्वास. दम्यात अडचण हवा बाहेर सोडण्याची असते, म्हणून सुरुवात सोडण्यापासून करायची. "फुंकर सोड" म्हणा. चहा गार करतो तशी बारीक, लांब फुंकर, ओठ शीळ घालण्यासारखे करून. जत्रेतली कागदी भिंगरी आणा. जोरात फुंकून ती गरकन फिरवायची नाही, हळू पण जास्तीत जास्त वेळ फिरत ठेवायची. हवा सोडून झाली की पुढचा श्वास आपोआप नाकातून आत येतो, तो घ्यायला सांगावा लागत नाही. आत येताना मनात दोन आकडे, सोडताना चार.

ते जमलं की चटईवर उताणं झोपवा, गुडघे वाकवून, पाय जमिनीला टेकवून. पोटावर, बेंबीच्या जरा वर, त्याची आवडती छोटी गाडी ठेवा. श्वास आत आला की गाडी वर चढली पाहिजे, सोडला की खाली. त्याचा एक हात छातीवर ठेवा, तो हात हलता कामा नये. पहिल्या दिवशी गाडी हलतच नाही, किंवा मुलं पोटाचे स्नायू ताणून गाडी उडवतात आणि हसत सुटतात. हसू द्या. तीन-चार दिवसांत श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा मुख्य स्नायू) कामाला लागतं आणि गाडी संथ वर-खाली होते. मग हेच बसून, मग उभं राहून, शेवटी चालताना. चालताना जमलं तरच मैदानावर कामाला येतं, आणि बहुतेक लोक झोपूनच थांबतात. दोन पावलं श्वास, तीन-चार पावलं फुंकर, असा ठेका धरून बावड्याच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्याच्याबरोबर चाला.

तिसरा भ्रामरी. तोंड मिटून भुंग्यासारखा लांब "म्म्म". कान दाबायची गरज नाही. गुणगुणताना सायनसमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू नाकात कितीतरी पट जास्त येतो, हे स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजलं आहे. त्यानं दमा बरा होतो असं मी म्हणणार नाही. पण श्वास सोडणं आपोआप लांबतं आणि रात्री झोपण्याआधी मूल शांत होतं, एवढ्यासाठी करा.

सकाळी पाच मिनिटं, झोपताना पाच मिनिटं, पुरे. कपालभाती आणि भस्त्रिका या वयात नको, आणि घरघर असताना तर मुळीच नको. भराभर श्वास म्हणजे नळ्या पुन्हा कोरड्या पाडणं. श्वास रोखून धरायचे प्रकारही नकोत. फुगे फुगवायला लावू नका. आणि कोविडनंतर घरोघरी आलेलं ते तीन गोळ्यांचं यंत्र कपाटात राहू द्या. ते श्वास आत ओढण्यासाठी आहे, ऑपरेशननंतरच्या रुग्णांसाठी. नाक चोंदलेलं असेल तर आधी त्याचा उपचार करा. बंद नाकाच्या मुलाला नाकानं श्वास घे म्हणण्यात अर्थ नाही.

आपल्या भागातल्या हवेचं वेळापत्रक मात्र लक्षात ठेवा. गळीत हंगाम सुरू झाला की पाचट पेटतं, गुऱ्हाळांच्या चिमण्या धुरकटतात. धूर खाली बसलेल्या संध्याकाळी मैदानाऐवजी घरात दोरीवरच्या उड्या किंवा संथ सूर्यनमस्कार. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या सरावाला नाका-तोंडावर सुती रुमाल बांधा; सोडलेल्या श्वासाचा ओलावा त्यात राहतो. किंवा ऊन पडल्यावर खेळू द्या. पावसाळ्यात भिंतीला पोपडे आणि बुरशी धरते, कपडे घरातच वाळत असतात, जूनमध्ये शाळा सुरू होताच सर्दी-खोकला फिरतो. त्या दिवसांत रोजचा पंप एकही दिवस चुकू देऊ नका. आणि उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायला काढाल, मिरच्या भाजाल, त्या दिवशी त्याला मामाकडे पाठवा. कांडपाच्या यंत्रावर तर नेऊच नका. डासांची कॉइल आणि धूप त्याच्या खोलीत नको. सर्दी-ताप असेल किंवा आदल्या रात्री खोकल्यानं जाग आली असेल तर त्या दिवशी खेळ बंद, दुसऱ्या दिवशी बघू.

मैदानावर त्रास झालाच तर काय करायचं, हे शाळेत सरांना लिहून द्या. खेळ थांबवायचा. बसवायचं, थोडं पुढं झुकवून. आडवं करायचं नाही. तातडीच्या पंपाचे चार फवारे स्पेसरनं, एकावेळी एकच, प्रत्येकानंतर चार श्वास. चार मिनिटं थांबायचं. फरक नसेल तर पुन्हा चार, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करून दवाखान्याकडे निघायची तयारी. वाटेतही असंच देत राहायचं. फुंकर सोडायला सांगा, पण पंप दिल्यावर. फुंकरीनं बरं वाटेल म्हणून पंप लांबवू नका. एक वाक्य सलग बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, मूल सुस्त होतं, किंवा धाप असूनही घरघर अचानक ऐकू येईनाशी होते, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायचीच नाही. घरघर थांबली म्हणजे बरं झालं, असं समजून चुकलेले लोक मी पाहिलेत. नळ्या इतक्या आवळल्या की शीळ वाजायलाही हवा उरत नाही.

पीटीच्या सरांशी तुम्ही स्वतः भेटून बोला. मूल दगावलं तर काय, या भीतीनं ते त्याला बाटल्यांपाशी बसवतात, मनात वाईट नसतं. कागदावर चार ओळी, डॉक्टरांची सही आणि तुमचा नंबर असला की त्यांनाही धीर येतो. आणि "तू खेळू नको" असं सगळ्यांसमोर म्हणण्याऐवजी "आज थोडं हळू, उद्या पूर्ण" असं म्हणायची विनंती करा.

सहलीला पाठवा. पन्हाळ्यावर गाडी वरपर्यंत जाते. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव हे सगळं चालत बघण्यासारखं आहे, त्याला झेपेल. आदल्या चार आठवड्यांची ती चार उत्तरं "नाही" आणायचा प्रयत्न आत्तापासून सुरू करा, त्यासाठी तुमच्याकडे महिना आहे. सकाळी लवकर निघत असतील तर रुमाल, घरून निघताना रोजचा पंप. तातडीचा पंप आणि स्पेसर त्याच्या पाठीवरच्या छोट्या पिशवीत असू द्या. मोठ्या दप्तरात नको, ते गाडीत राहतं आणि मुलं तटावर असतात. दुसरा एक पंप सरांच्या खिशात. पंपात औषध किती उरलंय ते आकड्यावर बघून ठेवा. आकडा नसलेला पंप असेल तर नवाच द्या.